सरासरी

तेहतीस वर्षं कोराडीला
बॉयलरच्या पाण्याची कुंडली मांडली मी:
पीएच, सिलिका, क्षार, विरघळलेला ऑक्सिजन.
आता झिंगाबाई टाकळीत, स्वतःच्या गच्चीवर,
माझ्या ताब्यात अकराशे लिटर.

चंद्रकलेच्या कंबरेसाठी घेतला टब.
डॉक्टर फक्त शेक द्या म्हणाले होते.
रबरी पिशवीनं भागलं असतं, हे तीच म्हणाली,
आणि मी ग्रॅच्युइटी नुकतीच हातात पडलेला माणूस.

पहिल्याच हिवाळ्यात हीटर गेला.
तुकेश सोनकुसरेनं कॉइल काढून माझ्या तळहातावर ठेवली,
पांढऱ्या खरपुड्यांनी सुजलेली.
"बोअरचं पाणी टाकलं का जी?
तुम्ही तं कोराडीले याच कामावर होते ना?"
कॉइल धुतो म्हणून मी आत गेलो
आणि बराच वेळ नळ सुरू ठेवला.

तेव्हापासून वही.
क्लोरीनच्या गोळ्या, पीएच उतरवायची पूड,
फिल्टर वर्षाला दोन, मुंबईहून, कुरिअर वेगळं.
झाकण बावीस हजारांचं,
दोन उन्हाळ्यांत त्याच्या पाठीला भेगा;
आतला फोम पाणी प्यायला
की दोघांनाही उचलत नाही.
डिसेंबरात रोजचे दहा युनिट,
म्हणजे तीनशेच्या वरचा स्लॅब,
म्हणजे मिक्सर लावतानाही मीटरकडे बघायचं.
सकाळी झाकणावर बोट फिरवलं तर राख.
आमच्याच चिमणीची.
उत्तरेचा वारा असला की फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसते
आणि मी जुन्या दाताच्या ब्रशनं ती काढतो,
निवृत्त होऊनही ड्युटीवर.

दर तीन महिन्यांनी पाणी बदलायचं.
क्लोरीन उडेपर्यंत दोन दिवस उघडं ठेवायचं,
मग पाइप खाली.
गजभियेबाई बादल्या लावून उभ्या:
"कूलरमंदी चालते का हे?
इतक्या पैशात तं दोन कूलर आले असते जी."
नवतपात हीटर बंदच असतो.
टब आपला आपण एकेचाळीसवर चढतो, फुकट,
आणि त्यात कोणी बसत नाही.
गांधीलमाश्या तेवढ्या काठावर येऊन पाणी पितात.

मार्चअखेर भागाकार केला.
सत्तेचाळीस हजार सातशे भागिले दोनशे पंचवीस बैठका.
एका बैठकीचे दोनशे बारा रुपये.
जेवताना सहज बोलून गेलो.
ती भाजी वाढत होती, वाढत राहिली.

त्यानंतर ती चार दिवसांतून एकदा उतरू लागली.
"आज बरं वाटून राह्यलं," म्हणायची
जिन्याचा कठडा धरून.
उतरली तरी दहा मिनिटांत बाहेर.

पुढचा मार्च. चव्वेचाळीस हजार शंभर भागिले नव्वद.
चारशे नव्वद.
मी आकडा पुन्हा मांडला. चूक नव्हती.
पाणी काही बसणाऱ्यासाठी तापत नाही,
कोणी येईल म्हणून तापत राहतं,
आणि सगळा खर्च त्या वाट बघण्याचा.
इतक्या रात्रपाळ्या केलेल्या माणसाला
हे वहीनं सांगावं लागलं.

तिला म्हणालो, तू जेवढं वाचवतेस तेवढं महाग पडतं.
"मंग?"
मग काय. टॉवेल घेतला.
बासष्टाव्या वर्षी, हाफ पँटवर,
गजभियेंच्या खिडकीकडे पाठ करून
उतरलो, सरासरी खाली आणायला.

गुडघ्याला गुडघा लागला.
"पाहा, सांडून राह्यलं न पाणी," ती म्हणाली.
"याचे किती?"
चारेक लिटर असेल. लिहिलं नाही.
तारखेपुढे फक्त २ लिहिले.

वारा उत्तरेचा आहे.
उद्या फिल्टर काढावा लागेल.